झिजेसाठी राखलेलं लोखंड

जुन्या येझदी मोटरसायकलचं हेड उतरवून पिस्टनच्या माथ्यावरची काजळी पुसली, की तिथे बहुधा एक आकडा ठोकलेला सापडतो. ०.२५, ०.५०, कधी ०.७५. सिलिंडरचा मूळ व्यास ६५ मिलिमीटर. तो झिजून लंबगोल झाला की बोअरिंग मशीनवर पाव मिलिमीटरनं वाढवायचा आणि त्या मापाचा पिस्टन घालायचा. मेकॅनिक मंडळी नुसतं ‘पंचवीस’, ‘पन्नास’ एवढंच म्हणतात. गाडी कोणत्या साली रस्त्यावर आली हे आरसी बुकात असतं, पण ती किती चालली आणि कशी चालवली गेली याची नोंद फक्त या आकड्यात.

या आकड्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. गाडी विकण्याआधीच बनवणाऱ्यानं मान्य केलं आहे की ती झिजणार. शिंपी वाढत्या अंगाच्या मुलाच्या कपड्यात शिवणीला कापड राखतो, तसं त्यानं सिलिंडरच्या भिंतीत लोखंड राखलं. वाढीव मापाचे पिस्टन आणि रिंगा बाजारात मिळतील याचीही सोय केली. आणि सगळी मापं संपली तरी स्लिव्ह ठोकून पुन्हा ६५ पासून सुरुवात करता येते.

ही दूरदृष्टी किती कामी आली ते पाहा. इराणी कुटुंबाच्या आयडियल जावा कंपनीनं १९६१ पासून म्हैसूरमध्ये चेक जावाच्या परवान्यानं गाड्या बनवल्या, पुढे सत्तरच्या दशकात त्यांना येझदी हे नाव दिलं, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०२२ मध्ये त्याच नावाची नवी मोटरसायकल आली, तिचं इंजिन मात्र फोर-स्ट्रोक. जुनीशी नातं नावापुरतं. म्हणजे जुन्या गाडीला माहेर उरलेलं नाही. तरी ती चालते, कारण भिंतीत अजून लोखंड शिल्लक आहे आणि ते कापून देणारे कारागीर गावोगाव आहेत.

अशी गाडी घरी खोलावी असं मी आग्रहानं सांगेन. गॅरेजवाल्याचं पोट जॉबवर असतं. एकाच इंजिनापाशी दिवसभर विचार करत बसणं त्याला परवडत नाही. घरी ते करता येतं. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरावीत, भाग निघाले त्याच क्रमानं मांडावेत, नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत घालून वर चिठ्ठ्या चिकटवाव्यात, आणि डिझेलनं धुऊन एकेक भाग उजेडात धरावा. मग आधीचे हात दिसू लागतात. कुणीतरी क्लच कव्हरचं पॅकिंग लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं कापलेलं असतं. सहाचा बोल्ट हवा तिथे आठाचा, कारण कधीतरी आटे गेले आणि त्या माणसानं केस फेकून न देता नवे आटे पाडले. दोन भाग पुन्हा नेमके जुळावेत म्हणून कुणी सेंटर पंचानं शेजारीशेजारी ठिपके मारून ठेवलेले असतात. त्या अनामिक माणसाबद्दल मला आदर वाटतो. आपल्यानंतर हे इंजिन कुणीतरी उघडणार, हे त्याच्या मनात होतं.

पण आधीच्या हातांनी केलेली उधळपट्टीही अशीच दिसते, आणि तिचं एक कारण मला वारंवार आढळतं. गाडी पांढरा धूर ओकू लागली की पहिला निकाल लागतो, ‘बोअर गेला, काम काढा.’ हा हिशेब फोर-स्ट्रोकचा आहे. तिथे रिंगा झिजल्या की खालचं ऑइल वर येऊन जळतं. जुन्या येझदीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, आणि ते मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबलं जाऊन मग वर जातं. ही क्रँककेस हवाबंद हवी. क्रँकच्या टोकावरचं क्लचकडचं ऑइल सील कडक होऊन पडलं, की प्रत्येक फेऱ्याला प्राथमिक चेनच्या बाजूचं ऑइल आत ओढलं जातं आणि धूर होतो. दोष रबराच्या एका कड्याचा, आणि शिक्षा होते सिलिंडरला. सील तसंच ठेवून बोअर मारला की धूर जात नाही आणि पाव मिलिमीटर मात्र कायमचा जातो. ज्या इंजिनाला अशी मोजकी मापं मिळाली आहेत, त्यातलं एक निदानाच्या आळसापायी घालवणं मला अक्षम्य वाटतं.

म्हणून आधी मोजणी. सिलिंडरच्या वरच्या कडेशी नख फिरवावं. रिंगा जिथून परत फिरतात त्याच्या वर न झिजलेला कंगोरा लागतो. तो किती उंच यावर पहिला अंदाज बांधता येतो. मग बोअर गेजनं वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं माप घ्यायचं. झीज सगळीकडे सारखी नसते. पिस्टन पुढे-मागे रेटला जातो, त्यामुळे त्या दिशेला ती जास्त. आकडे मर्यादेत असले तर नव्या रिंगांवर भागतं, आणि मला विचाराल तर असं भागलं याचा आनंद नव्या पिस्टनपेक्षा मोठा आहे. बोअर करावाच लागला, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातला जाणता कारागीर ब्लॉक हातात घेण्याआधी पिस्टन मागतो. डब्यावरच्या मापावर तो विसंबत नाही. हातातला पिस्टन मायक्रोमीटरनं मोजतो आणि मिलिमीटरच्या काही शतांशांची मोकळीक ठेवून त्यालाच साजेसं भोक पाडतो. वीस-पंचवीस मिनिटांच्या त्या कामात वर्षानुवर्षांचं शिक्षण उतरलेलं असतं.

इतर भागांतही हीच वृत्ती आहे. स्विंग आर्मच्या बुशा बदलायच्या, ब्रेक शूला नवं लायनिंग लावायचं, काजळीनं चोंदणाऱ्या सायलेन्सरची आतली नळी बाहेर ओढून साफ करायची. दाबून बसवलेला क्रँकसुद्धा प्रेसवर सुटा करून, नवा रॉड घालून पुन्हा ट्रू करता येतो.

आजच्या यंत्रांची बाजूही मांडली पाहिजे. अनेक नव्या इंजिनांत ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा अतिकठीण मुलामा असतो. तो फार कमी झिजतो आणि उष्णता लवकर सोडतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर नव्या गाड्यांचा धूरही जुन्यांच्या मानानं नगण्य आहे. ही खरी प्रगती आहे. पण तो मुलामा गेला की सहसा बोअर नाही, सबंध सेटच बदलायचा. झीज लांबवली, मात्र ती आल्यावर काय करायचं याचं उत्तर ग्राहकाच्या हातातून काढून घेतलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं तिच्या कक्षेत होती. हक्क मिळालाच पाहिजे. पण सुटे भाग आणि माहितीपत्रक मिळूनही वस्तूच्या भिंतीत काही राखलेलं नसेल, तर त्या हक्काचं करायचं काय? हा प्रश्न रेखाटनाच्या टेबलावर सुटायला हवा.

जुन्या गाड्या ‘रिस्टोअर’ करण्याची सध्याची हौसही मला म्हणून अस्वस्थ करते. सँडब्लास्ट करून मूळ रंग उडवायचा, झिजलेला पण धडधाकट मूळ भाग भंगारात टाकून चकचकीत नकली बसवायचा, आणि सगळं नवंच आहे म्हणून इंजिनही सरळ पुढच्या मापाला न्यायचं. गाडी फोटोत देखणी येते आणि आतून गरीब होते. २०२१ मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, त्यात वाहन मूळ रूपात राखलेलं असावं ही अट आहे, आणि ते रोजच्या कामाला वापरायचं नाही हीसुद्धा. दुसरी अट मला मनापासून पटते. टू-स्ट्रोक इंजिनात ताजं मिश्रण आत येतानाच थोडं न जळता बाहेर निसटतं. सील कितीही नवी घाला, रचनेतला हा दोष जात नाही. अशी गाडी गर्दीच्या शहरात रोज पळवणं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या श्वासावर अन्याय आहे. रविवारी सकाळी घाटापर्यंत जाऊन यावं, एवढंच.

आणि गाडी विकताना कागदांसोबत एक वही द्यावी. आरसी बुकात चासी नंबर आहे, इंजिन नंबर आहे, रंगसुद्धा आहे. क्रँकचा रॉड कधी बदलला, कोणत्या केसचे आटे मोठे केले, सील कोणत्या मापाची लागली, सिलिंडरची किती मापं शिल्लक आहेत, यासाठी रकाना नाही. घेणारा टायर पाहतो, रंग पाहतो, किकला चालू होते का ते पाहतो. त्यानं आधी ही वही मागावी, आणि विकणाऱ्याजवळ ती नसेल तर हेड उतरवून पाहिल्याशिवाय भाव ठरवू नये.