सुखी देश कोणता?



अमुक देश पुढारलेला आणि तमुक देश मागासलेला, असे आपण सहज बोलून जातो. पण हे ठरवावयाचे कशावरून? रस्त्यांवरून, मोटारींवरून, की तेथील माणसाच्या वाट्याला आलेल्या आयुष्यावरून? हा प्रश्न आपल्या घरालाही लागू आहे. गावकुसाबाहेरून निघालेल्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज टी. व्ही., मोबाइल, दुचाकी आली. राहणीमान वाढले, ही आनंदाचीच गोष्ट. पण जीवनमान वाढले काय?

उत्तरासाठी दोन शेजारी देश समोर ठेवू : भारत आणि श्रीलंका. श्रीलंका आपल्याला परकी नाही. १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेब तेथे गेले होते. दोन्ही देशांवर इंग्रजांचे राज्य होते आणि दोन्ही सहा महिन्यांच्या अंतराने स्वतंत्र झाले.

मोजावयाचे तर माप हवे. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितल्याचे अंगुत्तरनिकायात आहे. न्यायाने, कष्टाने मिळविलेली संपत्ती जवळ असणे, हे अत्थिसुख. ती स्वतःसाठी व सत्कार्यासाठी वापरणे, हे भोगसुख. कोणाचे देणे नसणे, हे अनणसुख. आणि काया-वाचा-मनाने निर्दोष असणे, हे अनवज्जसुख. हेच माप आपण देशाला लावू.

पहिले सुख संपत्तीचे. भारताचा एकूण पसारा कितीतरी मोठा. माणशी उत्पन्न मात्र श्रीलंकेचे अधिक. तरी श्रीमंत देशांच्या पंगतीत दोघांपैकी कोणीच बसत नाही.

खरा फरक दुसऱ्या सुखात आहे. असलेला पैसा कोणाच्या अंगी लागला? श्रीलंकेत १९३१ सालीच स्त्रियांसह सर्व प्रौढांना मतदानाचा हक्क मिळाला. १९४५ साली शिक्षणमंत्री कन्नंगरा यांच्या पुढाकाराने प्राथमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण मोफत झाले. १९२६ साली कळुतर येथे आरोग्य केंद्र निघाले आणि पुढे प्रशिक्षित सुईण खेडोपाडी घरापर्यंत पोहोचू लागली. याचे फळ पाहा. तेथे जन्मणाऱ्या हजार बालकांपैकी वर्षाच्या आत दगावणारी दहाहूनही कमी; भारतात २०२० साली ती २८ होती. तेथील सरासरी आयुर्मान सुमारे ७६ वर्षे, आपले सुमारे ७०. २०११ च्या जनगणनेत आपल्याकडील शंभर स्त्रियांपैकी ६५ साक्षर होत्या. तेथे दहापैकी नऊ स्त्रियांना लिहिता-वाचता येते.

कोणी म्हणेल, लहान देशाला हे सोपे जाते. मग केरळकडे पहा. त्याची लोकसंख्या श्रीलंकेहून मोठी, राज्य भारतातलेच, आणि तेथील आयुर्मान ७५ च्या आसपास. तेव्हा अडचण आकाराची नसून पहिला पैसा कशावर खर्च करावयाचा, या निवडीची आहे.

तिसऱ्या सुखाशी आलो की श्रीलंकेचा पाय घसरलेला दिसतो. २०१९ साली सरकारने कर एकदम कमी केले. पुढे करोनामुळे पर्यटन थांबले. २०२१ मध्ये रासायनिक खतांवर अचानक बंदी आली आणि पीक बुडाले. एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्ज फेडता येत नसल्याचे देशाने जाहीर केले. पेट्रोल आणि गॅससाठी रांगा लागल्या, इंधनाअभावी शाळाही बंद ठेवाव्या लागल्या, आणि जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. आपणही हसू नये. १९९१ साली भारताला सोने गहाण टाकावे लागले होते. आणि लग्नात मिरवण्यासाठी सावकाराच्या किंवा फायनान्स कंपनीच्या दारी जाणाऱ्या घराने तर मुळीच हसू नये.

चौथे सुख निर्दोषतेचे. इंग्रजांनी चहाच्या मळ्यांवर तमिळ मजूर नेले. त्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचे लोक पुष्कळ होते. श्रीलंका स्वतंत्र होताच १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतील बहुतेकांना देशहीन केले. १९६४ मध्ये दोन्ही सरकारांनी माणसांची वाटणी केली : सव्वापाच लाख भारताकडे, तीन लाख तिकडे. उरलेल्यांचा प्रश्न सुटायला २००३ चा कायदा यावा लागला. १९८३ पासून २००९ पर्यंत तो देश यादवी युद्धात होरपळला. एवढेच काय, १७५३ साली सुरू झालेल्या सियाम निकायात उच्च मानलेल्या गोविगम जातीखेरीज इतरांना दीक्षा मिळेनाशी झाली. म्हणून इतरांनी ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेतली आणि १८०३ साली अमरपूर निकाय उभा केला. देश बौद्ध म्हणवतो म्हणून जात आपोआप जात नाही, हा धडा नव्याने धम्मात आलेल्या आपण विशेष ध्यानी धरावा.

आणि आपला देश? १९५० मध्ये संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली. हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. तरी आजही गटारात उतरलेला माणूस गुदमरून मरतो, आणि तो बहुधा आपल्यापैकीच असतो.

मी शाळेत मुलांना सरासरी शिकवतो. एकाला ८० गुण आणि दुसऱ्याला शून्य मिळाले, तर सरासरी ४० येते. कागदावर दोघेही पास! शून्यवाला मुलगा मात्र त्या आकड्यात दिसेनासा होतो. श्रीलंकेच्या ७६ वर्षांत चहाच्या मळ्यातील बाई अशीच दिसत नाही, आणि भारताच्या ७० मध्ये गटारातील माणूस. राजकारणात समता आणि समाजात व अर्थकारणात विषमता, या विसंगतीविषयी बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता, तो याचसाठी.

मग सुखी देश कोणता? पहिल्या दोन सुखांत श्रीलंका पुढे आहे, आणि तिच्याकडून शाळा व दवाखाना शिकण्यासारखा आहे. तिसऱ्यात ती कोसळली. चौथ्यात दोघेही नापास. तथागतांनी तर पहिली तिन्ही सुखे चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाचीही नाहीत, असे सांगितले. याचा अर्थ गरिबी चांगली असा नव्हे. संपत्तीला त्यांनी सुखातच गणले आहे. मात्र दुसऱ्याला खाली दाबून मिळालेली उंची ते मान्य करीत नाहीत.

येत्या पौर्णिमेला घरातील सर्वांनी एकत्र बसून चार प्रश्न विचारावेत. आपली मिळकत कष्टाची आहे काय? तिच्यातून मुलाइतकेच मुलीच्याही शिक्षणाला मिळते काय? डोक्यावर दिखाव्याचे कर्ज आहे काय? आणि आपल्यापेक्षा खालची समजल्या जाणाऱ्या माणसाच्या घरी आपण जेवतो काय? घरात जमले तरच देशाकडे तेच मागण्याचा आपला हक्क खणखणीत होईल.

जयभीम!