आजीच्या रियाजाची वेळ

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मेमध्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. साठीच्या बाईला या दोन्ही वेळा अडचणीच्या. मे म्हणजे नातवंडांची सुट्टी, लग्नसराई, मुलीचं माहेरपण. नोव्हेंबर म्हणजे दिवाळीचा फराळ, पाहुणे आणि नंतरची आवराआवर. तरीही प्रवेशिका-मध्यमेच्या परीक्षेला शाळकरी मुलांच्या रांगेत पांढऱ्या केसांच्या बायका बसलेल्या दिसतात. हातात रागांच्या माहितीची वही असते आणि ओठ पुटपुटत असतात. यातल्या कितीजणींना आदल्या पंधरवड्यात रोज सलग तासभर गाता आलं असेल, हा प्रश्न मला त्यांच्या निकालापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

उतारवयातल्या छंदाला घरचे लोक आता सहसा विरोध करत नाहीत. ‘या वयात हे काय?’ असं विचारणारे बरेच कमी झाले. मुलं स्वतःहून क्लासची फी भरतात, वाढदिवसाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणून देतात, कार्यक्रमाचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात. हे प्रेम खरं आहे. पण या संमतीला एक न बोललेली अट असते. आईच्या गाण्यामुळे घरातली कोणतीही वेळ इकडची तिकडे होता कामा नये. तिनं गावं, आनंदात राहावं, मात्र चार वाजता नातवाची बस येते तेव्हा तिनं खाली उभं असावं. मुलगी अमेरिकेत बाळंत होणार असेल तर तिनं सहा महिने तिकडे जावं. ‘गुरुवारी मला जमणार नाही, क्लास आहे,’ असं ती पहिल्यांदा म्हणते, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात.

गाणं उरल्यासुरल्या वेळात येत नाही. साठीत तर गळा तापायलाच वेळ लागतो. वयानं बाईचा आवाज खाली उतरतो. तरुणपणी काळी पाचमध्ये सहज गाणारीला आता पट्टी बदलून घ्यावी लागते. श्वास पुरत नाही, लांब आलाप मध्येच तुटतो. सुरुवातीचा पाव तास नुसता षड्ज लावण्यात आणि खर्जात उतरण्यात जातो, मग कुठे यमनचा निषाद मनासारखा लागायला लागतो. नेमकी तेव्हाच बेल वाजते. कुरिअर असतं. परत येऊन बसावं तर कुकरच्या शिट्ट्यांकडे कान ठेवायचा असतो. पुन्हा षड्जापासून सुरुवात. दहा-दहा मिनिटांचे सहा तुकडे जोडून रियाजाचा एक तास होत नाही. चित्र काढणाऱ्या, लिहिणाऱ्या, साठीत संस्कृत शिकायला घेणाऱ्या माणसाचंही हेच आहे. फी कुणीही भरेल. न मोडणारी वेळ मिळवणं अवघड, आणि खरी मागणी त्या वेळेचीच आहे.

यावरचा आक्षेप मला हलका वाटत नाही. आजीनं नातवाला सांभाळायला नकार दिला तर त्याची किंमत सून किंवा मुलगी चुकवते. परवडेल आणि भरवसा ठेवता येईल असं पाळणाघर जवळ नसतं. नोकरी सोडायची वेळ आली तर ती बहुधा तिच्यावरच येते. एका बाईच्या गाण्यासाठी दुसरीनं घरी बसायचं, हा न्याय नव्हे. म्हणूनच अनेक आज्या तोंड उघडत नाहीत. आपण त्या वयात काय भोगलं ते त्यांना आठवत असतं.

पण हा झगडा सासू आणि सून यांच्यातच का रंगवायचा? त्याच घरात दोन पुरुषही राहतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, तर असं काम करणाऱ्या पुरुषांची ८८. आजोबा निवृत्त झालेत. त्यांचं सकाळचं फिरणं, संध्याकाळचा कट्टा, महिन्याचा ट्रेक यांसाठी कुणाची परवानगी लागत नाही, आणि लागूही नये. मात्र बसथांब्यावर उभं राहायला, वरणभाताचा कुकर लावायला त्यांना काय हरकत आहे? आठवड्यातले दोन दिवस लवकर घरी येण्याबद्दल मुलानं ऑफिसात कधी विचारलंय का? बहुतेक घरांत हा प्रश्न आजवर कुणी काढलेलाच नसतो. तो काढला तर आजीच्या तासासाठी सुनेच्या नोकरीला धक्का लावावा लागत नाही.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. तिच्या बातम्यांमध्ये पाटी-पेन्सिल घेतलेल्या आज्यांचं कौतुक पुष्कळ झालं. मला त्या शाळेची व्यवस्था जास्त मोलाची वाटते. स्वयंपाक, शेतातली कामं उरकल्यावरची दुपारी दोन ते चार ही ठरलेली वेळ, घराबाहेरची जागा, आणि गणवेश म्हणून गुलाबी नऊवारी. ते लुगडं नेसून आजी निघाली की ती शाळेत चालली आहे हे साऱ्या गावाला दिसतं. त्या वेळी तिला कुणी सरपण आणायला पिटाळत नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये हॉलच्या कोपऱ्यात तानपुरा लावून बसलेली आजी घरातल्यांना ‘मोकळीच’ दिसते. म्हणून क्लास शक्यतो घराबाहेरचा असावा, आणि घरातल्या रियाजाला बंद करता येईल असं दार असावं.

आज्यांचंही एक चुकतं. मनातलं कुणीतरी ओळखावं म्हणून त्या वाट बघतात, ओळखलं नाही की दुखावतात, आणि मग स्वतःच क्लास बुडवतात. मुलांना याचा पत्ताही नसतो. आजारपण आलं, घरात दुःख झालं, तर रियाज थांबणारच, आणि तो थांबवायला तिला कुणी सांगावं लागत नाही. मुलाची मीटिंग लांबली किंवा पाहुणे अचानक आले, हे मात्र तिचा तास मोडण्याचं कारण होऊ शकत नाही. हा फरक तिनं मोठ्यानं बोलून दाखवायला हवा, तोही तक्रार साठून राहण्याआधी.

तिशीत दोन वर्षं गाणं सुटलं तरी ते पुन्हा धरता येतं. बासष्टाव्या वर्षी सहा महिन्यांचा खंड पडला तर पाठ असलेल्या बंदिशी निसटतात आणि वरचा षड्ज पूर्वीसारखा लागत नाही. परदेशातल्या बाळंतपणाला पहिले दोन महिने आईनं जायचं, पुढचे दोन जावयाच्या आईवडिलांनी, आणि नंतरचं बाळाच्या बापानं रजा घेऊन बघायचं, अशी वाटणी घरांनी करायला हवी. फोनवर ती ठरवताना थोडं अवघडल्यासारखं होईल. पण एकदा ठरली की गुरूंना खंड किती पडणार ते आजी आधी सांगू शकते, आणि दोन महिने तिकडे राहून घोटता येईल असा एखादा राग त्यांच्याकडून नेमून घेऊ शकते.