गाळावें काय व राखावें काय?

मोठी गोष्ट लहान करून सांगतांना तिच्यांतील सत्य शाबूत राहतें काय, हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञांचा आहे असें समजण्याचें कारण नाहीं. संगणकावर घनाकृति घडविणारांसही तो रोज सोडवावा लागतो.

सी. टी. यंत्रानें कवटीचें मोजमाप घेतलें म्हणजे हातीं येते ती बारीक घनांची एक रास. या घनांस 'व्हॉक्सेल' म्हणतात. प्रत्येकांत त्या ठिकाणच्या घनतेचा एक आंकडा असतो. या आंकड्यांतून पृष्ठभाग काढण्याची रीत लॉरेन्सन व क्लाइन यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केली. शेजारचे आठ आंकडे हे एका घनाचे कोपरे मानावयाचे. त्यांपैकीं कोणते हाडाच्या आंत व कोणते बाहेर, याचे २५६ प्रकार होतात. सारखेपणा ध्यानीं घेऊन ते त्यांनीं १५ वर आणिले व प्रत्येकासाठीं त्रिकोण ठरवून दिले. परंतु ही रीत घनागणिक चालते. त्यामुळें सपाट भागासही ती वळणावांकणांच्या भागाइतकेच दाट त्रिकोण देते. असें लक्षावधि त्रिकोणांचें जाळें विरळ केल्यावांचून पुढें काम चालत नाहीं.

त्यासाठीं गार्लंड व हेकबर्ट यांनीं १९९७ सालीं एक सुंदर न्याय सांगितला. जाळ्याची एक कड मिटवून तिचीं दोन टोकें एक करावयाचीं. नवा बिंदु तेथील त्रिकोणांच्या प्रतलांपासून किती दूर पडतो, त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ही त्या कडेची किंमत. जिची किंमत सर्वांत कमी ती आधीं मिटवावी. सपाट जागीं ही किंमत जवळ जवळ शून्य असते, म्हणून तेथील त्रिकोण मुकाट्यानें जातात. जें शेजाऱ्यांवरून कळतें तें निराळें सांगावयास नको, हें तत्त्व येथपर्यंत निर्दोष आहे. चांगला इतिहासकार तरी दुसरें काय करितो?

मात्र अंतर मोजणारा हा न्याय महत्त्व मोजीत नाहीं. कवटीस गेलेली बारीक चीर अंतराच्या हिशेबानें क्षुल्लक; रोग्याच्या दृष्टीनें तीच सर्वस्व. तेंच जाळें एखाद्या चित्रपटासाठीं विणलें असेल, तर चीर गेल्याचें दुःख कोणास होणार? तेव्हां 'क्षुल्लक' या शब्दांत पाहणाराचा हेतु दडलेला असतो, आणि गणितास हेतु कळत नाहीं. तो माणसानेंच ठरवावा लागतो, व त्याची जबाबदारीही त्याच्याच शिरीं राहते.

आमच्या मतें गाळण्याचा अधिकार दोन अटींवर मिळतो. कशासाठीं व किती गाळलें हें उघड सांगावें; आणि मूळ घनांची रास नष्ट करूं नये. विरळ जाळ्यावरून मूळ परत उभें करितां येत नाहीं. मुळावरून मात्र हवें तितकें दाट वा विरळ जाळें पुनः विणतां येतें. चरित्रकार, वृत्तपत्रकार व आम्हां शिक्षकांचा धंदा याच अटींनीं बांधलेला आहे: विद्यार्थ्यास सारांश अवश्य द्यावा, पण मूळ ग्रंथ कोणत्या कपाटांत आहे हेंही त्यास दाखवून ठेवावें.