नोंद नाही म्हणून घडलेच नाही?

१२ जुलै १९७३ रोजी, मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झालेला असताना, अमेरिकेत सेंट लुईस शहराजवळच्या ओव्हरलँड इथे एका सरकारी इमारतीच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. त्या मजल्यावर निवृत्त सैनिकांच्या सेवेच्या फायली खोक्यांत भरून ठेवल्या होत्या. या दालनांत पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती, आग अडवणाऱ्या भिंतीही नव्हत्या. आग पूर्ण विझल्याचे जाहीर व्हायला चार दिवसांहून अधिक काळ गेला. तोवर १९१२ ते १९५९ या काळात भूदलातून मोकळ्या झालेल्या सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली नष्ट झाल्या होत्या. हवाई दलाच्या १९४७ ते १९६३ मधल्या, वर्णानुक्रमात हबर्ड या आडनावानंतर येणाऱ्या फायलींपैकी सुमारे ७५ टक्के गेल्या. एकूण आकडा १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाखांच्या दरम्यान. कुठेही दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती. नेमक्या कोणाकोणाच्या फायली तिथे होत्या याची पूर्ण सूचीसुद्धा नव्हती.

दोन महायुद्धे आणि कोरियाचे युद्ध लढलेल्या माणसांचे आयुष्य त्या खोक्यांत होते. भरती कधी झाली, कोणत्या तुकडीत, कोणत्या आघाडीवर, गोळी कुठे लागली, कोणत्या इस्पितळात किती दिवस, छातीवर कोणते पदक लागले. जखमी सैनिकाला मिळणारे ‘पर्पल हार्ट’ आपल्या कागदावर नाही हे एखाद्याच्या वीस वर्षांनी लक्षात आले आणि त्याने अर्ज केला, तर त्याला कळायचे की तुमची फाइल आता उपलब्ध नाही, पुरावा असेल तर पाठवा.

त्या अभिलेखागारातल्या कर्मचाऱ्यांचे ऋण आधी मान्य केले पाहिजे. भिजलेल्या, करपलेल्या सुमारे ६५ लाख फायली त्यांनी वाचवल्या. बुरशी लागू नये म्हणून निर्वात कक्षांत त्या वाळवल्या. ज्या गेल्या त्यांच्या जागी पगाराची बिले, तुकड्यांचे रोजचे हजेरी अहवाल, इस्पितळांच्या नोंदी, माजी सैनिकांच्या जुन्या दाव्यांचे कागद असे तुकडे जुळवून ते आजवर सेवेचा इतिहास उभा करत आले आहेत. माणसाच्या नावासाठी इतकी चिकाटी दाखवणारे सरकारी खाते जगात फार नसेल. पण त्यांच्या कष्टांमुळे मूळ प्रश्न सुटत नाही. फाइल राज्याने तयार केली, राज्याने सांभाळली, राज्याच्या ताब्यात असताना ती जळाली. मग ती हरवल्याचा भार सैनिकाने का उचलायचा?

अमेरिकेत सेवेच्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी १९४६च्या कायद्याने मंडळे नेमण्याची सोय केली. सैनिक, तो नसेल तर त्याची बायको किंवा वारस, ठरलेल्या नमुन्यात तिथे अर्ज करू शकतात. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम आहे. न्यायासाठी आवश्यक वाटल्यास मंडळ ही मुदत माफ करू शकते. हे सगळे चांगलेच आहे. परंतु मंडळ सुरुवातच एका गृहीतकापासून करते: प्रशासनाने आपले काम नियमाप्रमाणे केले आहे, म्हणून नोंद आहे तशी बरोबर आहे. ती चुकीची आहे हे पुराव्यानिशी दाखवण्याची जबाबदारी अर्जदाराची. माझा आक्षेप या गृहीतकाला आहे.

सैनिक सेवेतून सुटतो तेव्हा त्याच्या हाती सेवेचा एकपानी दाखला पडतो. १९४५ साली लाखो माणसे एकाच वेळी घरी निघाली होती. टंकलेखकांपुढे रांगा होत्या आणि रांगेतल्या प्रत्येकाला गाडी पकडायची होती. त्या घाईत एखादे पदक सुटले तर कोण थांबणार होते? शिवाय काही पदके सैनिक घरी गेल्यावर जन्माला आली. युद्धात प्रत्यक्ष लढलेल्या पायदळाचा बिल्ला ज्यांना युद्धकाळात मिळाला होता, त्यांना ‘ब्राँझ स्टार’ द्यावा असे १९४७ साली ठरले. युद्धकैद्यांसाठीचे पदक तर १९८५ साली निघाले आणि आधीच्या युद्धांतल्या कैद्यांनाही लागू झाले. शेतावर, गिरणीत, दुकानात परतलेल्या माणसाला हे कोण कळवणार? त्याने स्वतः मागायचे होते, आणि मागण्यासाठी आधी ते ठाऊक असायला हवे होते.

इथे एक भेद करायला हवा, कारण तो न केल्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो. काही पदके हक्काची असतात. अमुक तारखांना अमुक आघाडीवर, अमुक तुकडीत होता म्हणून मिळणारी. इथे कोणाच्या शौर्याची तुलना करायची नसते. तारीख आणि तुकडी कळली की हिशेब पुरा होतो. शौर्यपदकांचे तसे नाही. तिथे कोणीतरी पाहिलेले असावे लागते, वरिष्ठाने शिफारस लिहिलेली असावी लागते, ती अनेक टेबलांवरून पुढे सरकावी लागते. पहिल्या प्रकारात अर्ज मागवणेच मला चुकीचे वाटते. जी माहिती सरकारजवळच्या तुकडीच्या कागदांतून काढता येते, ती सत्तरी-ऐंशीतल्या माणसाकडून कशाला मागवायची? दुसऱ्या प्रकारात चौकशी कठोर हवी, हे मला मान्य आहे. पण चौकशी कठोर असणे आणि दार बंद असणे यांत फरक आहे.

वेव्हर्ली वूडसन यांचे उदाहरण घ्या. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरलेल्या ३२० क्रमांकाच्या बलून बटालियनमध्ये ते वैद्यकीय सहायक होते. बटालियन कृष्णवर्णीयांची. किनाऱ्याला लागण्याआधीच कपच्या लागून ते जखमी झाले, आणि तशा अवस्थेत सुमारे तीस तास त्यांनी जखमींवर उपचार केले, बुडणाऱ्यांना ओढून काढले. त्यांना ब्राँझ स्टार मिळाला. त्याहून मोठ्या सन्मानाचा विचार झाला होता असे सांगणारे एक टिपण राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या नावाच्या ग्रंथालयातल्या कागदांत पत्रकार लिंडा हर्व्हियू यांना सापडले. पण मूळ शिफारस मिळेना, आणि वूडसन यांची फाइल १९७३च्या आगीत गेलेली. वूडसन २००५ साली वारले. त्यांच्या पत्नी जोअ‍ॅन यांनी प्रयत्न सोडले नाहीत. २०२४ च्या जूनमध्ये, ओमाहाच्या त्या दिवसाला ऐंशी वर्षे होत असताना, वूडसन यांना मरणोत्तर ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ जाहीर झाला.

आगीला सगळा दोष देता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या शौर्यासाठी कित्येक दशके एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले नव्हते. लष्कराने १९९३ साली शॉ विद्यापीठाला याचा अभ्यास करायला सांगितले, आणि जानेवारी १९९७ मध्ये सात जणांना ते पदक दिले गेले. त्यांतले फक्त व्हर्नन बेकर जिवंत होते. जिथे शिफारस लिहिणारा हातच आखडता होता तिथे कागद शोधून काय मिळणार? आणि अशा ठिकाणी ‘कागदावर नाही’ हे उत्तर देणे म्हणजे आधीच्या अन्यायावर पुन्हा एकदा शिक्का मारणे.

कॅप्टन पॅरिस डेव्हिस यांच्या बाबतीत तर शिफारस लिहिली गेली होती. जून १९६५ मध्ये व्हिएतनाममध्ये बाँग सान इथे, स्वतः जखमी असताना, त्यांनी आपल्या जखमी साथीदारांना एकेक करून बाहेर काढले. त्यांना सोडून परत फिरण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही. वरिष्ठांनी मेडल ऑफ ऑनरसाठी नाव पाठवले. ते कागद हरवले. १९६९ साली चौकशी होऊन नव्याने प्रस्ताव करायला सांगितले गेले, तर तोही सापडेनासा झाला. मधल्या काळात त्यांना सिल्व्हर स्टार मिळाला होता. पुढे त्यांच्या जुन्या साथीदारांनी आणि काही स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे जबान्या आणि कागद गोळा केले, आणि ३ मार्च २०२३ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी, डेव्हिस यांच्या गळ्यात ते पदक पडले. जबानी देणारे साथीदार जिवंत होते म्हणून हे घडले. ज्यांचे साथीदार रणांगणावरच राहिले, त्यांचे काय?

मुदतीचा प्रश्न केंटकीच्या गार्लिन कॉनर यांच्या प्रकरणात उघडा पडला. जानेवारी १९४५ मध्ये फ्रान्समध्ये त्यांनी टेलिफोनची तार घेऊन आघाडीच्याही पुढे जाऊन तीन तास तोफखान्याला मारा कुठे करायचा ते सांगितले. शत्रू अंगावर आला तेव्हा आपल्याच जागेवर गोळे टाकायला सांगितले. १९९७ साली मंडळाने मेडल ऑफ ऑनरची मागणी नाकारली. पुढच्याच वर्षी कॉनर वारले. त्यांच्या पत्नी पॉलिन न्यायालयात गेल्या तर २०१४ साली त्यांना सांगण्यात आले की तुम्हाला उशीर झाला. अखेर लष्कराने प्रकरण पुन्हा हाती घेतले आणि २६ जून २०१८ रोजी मेडल ऑफ ऑनर पॉलिनबाईंच्या हाती आले. २०१८ साली जे शौर्य खरे ठरले ते २०१४ सालीही तितकेच खरे होते. जमिनीच्या दाव्याला मुदत असावी, कारण तिथे दुसऱ्या पक्षाची झोप उडते. सैनिकाचे पदक मान्य केल्याने कोणाचे काय हिरावले जाते?

यावर उत्तर येते की खोटे दावे होतात. होतात, आणि ते संतापजनक असतात. न मिळालेली पदके मिरवणाऱ्यांविरुद्ध अमेरिकेला कायदा करावा लागला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केल्यावर पुढच्या वर्षी दुसरा करावा लागला. पण अशा तोतयांतले बहुतेक जण दुरुस्ती मंडळाच्या दारात जात नाहीत, कारण तिथे तुकडी, तारीख, जागा तपासली जाते. नोंद पुसण्यातही राज्य चुकते, हेही लक्षात ठेवावे. १९१७ साली एका समितीने मेडल ऑफ ऑनरच्या यादीतून ९११ नावे काढली. बहुतेक नावे काढण्याला कारण होते. पण त्यांत यादवी युद्धातल्या शल्यवैद्य डॉ. मेरी वॉकर यांचेही नाव होते. त्यांनी पदक परत केले नाही, १९१९ साली मृत्यू येईपर्यंत ते वापरले. १९७७ साली याच दुरुस्ती व्यवस्थेतून त्यांचे नाव पुन्हा यादीत आले.

आता आपल्याकडे पाहू. आपल्याकडे सैनिकाची फाइल त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असते; मराठा लाइट इन्फन्ट्रीची बेळगावला. निवृत्त होताना हाती डिस्चार्ज बुक येते. १९६५च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, ही पदके मुख्यतः मी वर म्हटले त्या हक्काच्या प्रकारातली. साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या गावांत ज्यांनी ती युद्धे पाहिली ती माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. भरतीच्या वेळी इंग्रजीत लिहिलेले नाव आणि गावच्या कागदांवरचे नाव यांत फरक असला की पुढे विधवेला पेन्शनसाठी किती हेलपाटे घालावे लागतात, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात थोडा वेळ बसलेल्या कोणालाही ठाऊक असते. पदकाच्या नोंदीसाठी हेलपाटे घालायला तर घरातले लोकही सांगत नाहीत. ‘आता काय करायचंय त्याचं’ म्हणतात.

तरीही एका बाबतीत भारतीय न्यायव्यवस्थेने माणुसकीचा मार्ग दाखवला आहे. २०१३ साली ‘धर्मवीर सिंग विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्वाच्या पेन्शनबद्दल स्पष्ट सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर पुढे उद्भवलेला आजार सेवेमुळेच झाला असे धरायचे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकाची नाही, सरकारची. शंकेचा फायदा सैनिकाला. म्हणजे नोंद नसण्याचा तोटा ज्याने नोंद ठेवायची त्याने सोसायचा. हेच तत्त्व पदकांच्या नोंदींना का लावू नये? तुकडी त्या आघाडीवर होती, माणूस त्या तारखांना त्या तुकडीत होता, एवढे दिसले की पदक त्याचे. तो तिथे नव्हता असे म्हणायचे असेल तर ते कागदाने दाखवावे. शौर्याच्या दाव्यात साथीदाराची शपथपूर्वक जबानी हा खरा पुरावा मानावा आणि मुदतीची अट काढून टाकावी. यासाठी राज्याला फार मोठा खर्च नाही. एक गृहीतक उलटे करायचे आहे.

पदकाने काय होते, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी सांगतो: अमेरिकेत पर्पल हार्टची नोंद असली तर माजी सैनिकाला सरकारी आरोग्यसेवेत वरचा क्रम मिळतो. आपल्याकडे शौर्यपदकांसाठी महाराष्ट्र शासन आर्थिक पुरस्कार देते. पण यातले काही मिळत नसते तरी मी हेच लिहिले असते. माणसाने जे केले ते त्याच्या नावावर असावे, हा त्याचा हक्क आहे.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, भावकीत, वाड्यात निवृत्त सैनिक असतील तर त्यांचे डिस्चार्ज बुक एकदा त्यांच्यासमोर बसून वाचा. कोणत्या तुकडीत होते, कोणत्या महिन्यात कुठे होते, कंपनी कमांडर कोण होते, बरोबर कोण होते, हे त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घ्या आणि त्यांची सही घ्या. बरोबरचे जे हयात आहेत त्यांच्याकडूनही लिहून घ्या. काही राहिले आहे असे दिसले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवा, पोच जपून ठेवा. हे या वर्षीच करा.