थांबलेल्या रथाची मजुरी

यंदा आमच्या गावच्या सप्ताहात महाराजांनी गीतेवर निरूपण केलं. कर्म करत राहावं, फळाकडे डोळा ठेवू नये. सगळ्यांच्या माना डोलल्या. माझीही डोलली, पण मांडी घालून बसल्याने डावा गुडघा ठणकायला लागला आणि मला आमच्या शेठचे मुनीमजी आठवले. हिशेबाला बसलं की तेही हेच ऐकवायचे. "मामा, फळाची आशा कशाला? गाडी तर उभीच होती की."

मी सव्वीस वर्षं ट्रेलर चालवला. उघडा ट्रेलर, वर लोखंडी कॉइल. कळंबोलीच्या स्टील मार्केटात भरायचं, बोरघाट चढायचा, चाकणकडच्या एखाद्या कारखान्यात उतरवायचं. रस्ता चार-पाच तासांचा, पण खेप दोन दिवसांची, कधी तीन. पैसे मात्र खेपेचे. मधला वेळ कुठे जायचा? कॉइलखाली लाकडी ठोकळे ठोकायचे, साखळ्या टाकून आवळायच्या. वीस टनांचं ते वेटोळं ब्रेक लागताना सुटलं तर आधी केबिनवरच येतं, त्यामुळे पुढे दोनदा गाडी बाजूला घेऊन साखळ्या पुन्हा बघायच्या. वर ताडपत्री, भिजली की दोघांना आवरत नाही. मग वजनकाटा, गेटपास, आणि कारखान्यापुढची रांग. अशाच एका जुलैत कॉइलवरून पाय घसरला आणि गुडघ्याची वाटी फुटली. गाडी उभी होती म्हणून माझं पडणं ड्युटीवरचं धरलं नाही.

गीता मला फार कळते असं नाही. पण ती सांगणारा ड्रायव्हर होता, एवढं कळतं. आणि सांगितली तेव्हा रथ उभा होता, दोन्ही सैन्यांच्या मधोमध नेऊन लावलेला. सातशे श्लोक, जवळजवळ सगळे हॉल्टिंगमधले, म्हणजे गाडी उभी असतानाचे! मुनीमजींच्या वहीत त्या वेळापुढे कृष्णाच्या नावावर रेघ पडली असती.

जयद्रथाला मारलं त्या दिवशीची गोष्ट तर आमचीच वाटते. घोडे थकले, तेव्हा भर रणात कृष्णाने ते सोडले, त्यांच्या अंगातले बाण उपटले, अंग चोळलं, पाणी पाजलं आणि मगच पुन्हा जुंपले. आणि युद्ध संपल्यावर त्याने अर्जुनाला आधी खाली उतरवलं. मग स्वतः उतरला, आणि रथ जळून राख झाला. द्रोण-कर्णाच्या अस्त्रांनी तो आधीच जळालेला होता. कृष्ण बसून होता म्हणून टिकला होता. रात्री रांगेत केबिनमध्ये आडवा झालेला ड्रायव्हरही बसूनच असतो, पण तो खाली उतरून गेला तर सकाळी डिझेल आणि बॅटऱ्या जागेवर सापडतील का?

कोणी म्हणेल, कृष्णाने कुठे मजुरी घेतली? नाही घेतली. तो द्वारकेचा धनी, आपल्या मर्जीने लगाम धरला. माझं घर खेपेवर चालायचं. आणि फळाची आशा सोड, हे काम करणाऱ्याला सांगितलंय. देणाऱ्याला देऊ नकोस असं कुठे सांगितलंय? माझं वैराग्य मुनीमजींच्या गल्ल्यात कसं जमा होतं, हे मी महाराजांनाही विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "अण्णा, उद्या या कीर्तनाला."

कायद्यातही गंमतच होती. 1961च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात कामाचे तास सांगताना माल चढवण्या-उतरवण्यासारखं जोडकामही धरलं होतं. चांगलं केलं. नुसती हजेरी मात्र कामात आली ती टर्मिनलवरची आणि पंधरा मिनिटांपेक्षा कमी असलेली. एसटीचा स्टँड डोळ्यांपुढे असावा लिहिणाऱ्याच्या. म्हणजे मी चौदा मिनिटं थांबलो तर कामावर, चौदा तास थांबलो तर काय, विश्रांतीला?

आमच्या लाइनीत म्हणतात, ज्याचा माल त्याचा हमाल. हमालीचे पैसे मालवाल्याने द्यावेत, ट्रकवाल्याच्या माथी मारू नयेत. मग ज्याचं गेट त्याची रांग, असं का नाही? माझ्या शेठला हॉल्टिंगचं भाडं मिळायचं, ते मी बिलात पाहिलंय. माझ्या हातात फार तर चहापाणी यायचं. चालवण्याचा दर मी थांबण्याला मागत नाही. काहीतरी दर हवा, एवढंच म्हणतो.

माझ्या सगळ्या पोच-पावत्यांवर तारीख असायची, वेळ कधीच नसायची. मालक मंडळींना म्हणून एकच विनंती आहे. गाडी गेटला लागल्याची वेळ बिल्टीवर लिहा, सुटल्याचीही लिहा, आणि मधल्या तासांचे पैसे ड्रायव्हरच्या हातात द्या.