वाह्याची परीक्षा

गेल्या वर्षी शरद ऋतूत अमेरिकेतील ओहायो राज्यात पुतण्याकडे चार महिने मुक्काम पडला असता, ज्या वस्तूशी माझा उभ्या आयुष्यात तिळमात्र संबंध आला नव्हता अशा एका वस्तूने माझे मन व्यापून टाकले. ती वस्तू म्हणजे जुना पिकअप ट्रक. पुतण्याने सुट्टीत हिंडण्यासाठी एक ट्रेलर, म्हणजे चाकांवर बांधलेले छोटेखानी घरच, आधी घेऊन ठेवला होता. सामानसुमान भरल्यावर त्याचे वजन सहा हजार पौंडांच्या घरात जाई आणि ते ओढणे त्याच्या लहानशा मोटारीच्या कुवतीबाहेरचे होते. नवा ट्रक परवडण्याजोगा नव्हता. तेव्हा वीस-पंचवीस वर्षे वापरलेला, परंतु ओझे ओढण्यास अद्याप समर्थ असा एखादा ट्रक हुडकण्याची मोहीम सुरू झाली, आणि घरातील एकमेव रिकामा माणूस या नात्याने मी तीत सामील झालो.

चालणे आणि ओढणे हे दोन निराळे व्यापार आहेत, हे मला पुतण्याने शिकवले. रिकामा असताना सपाट रस्त्यावरून जो ट्रक लोण्यातून सुरी फिरावी तसा चालतो, तोच मागे ओझे जोडून चढणीला लावला की त्याचे गियर घसरू लागतात, त्यातले तेल तापून जळते, आणि उतारावर ब्रेक ऐन वेळी दगा देतात. म्हणून जाणते गिऱ्हाईक गियरपेटीतील तेलाची पट्टी बाहेर काढून ते तेल अजून लाल आहे की तपकिरी झाले आहे हे पाहते, त्याला करपट वास येतो की काय हे हुंगते, आणि ट्रेलर जोडण्याच्या लोखंडी हिचवरील झिजेवरून या गाडीने आजवर किती ओझे वाहिले याचा अंदाज बांधते. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर यावा लागतो; तो कमी पडला तर ट्रेलर मागे सापासारखा वळवळू लागतो. आमच्या तालुक्याच्या बाजारात बैलाचे दात मोजून तो चौदाती की सहादाती हे ठरवणाऱ्या आणि रुमालाखाली बोटे दाबून सौदा पटवणाऱ्या दलालांची मला या सर्व प्रकारात पदोपदी आठवण होत होती.

पहिला ट्रक आम्ही एका विक्रेत्याच्या आवारात पाहिला. बर्फ वितळवण्यासाठी त्या प्रांती रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाड्यांचे बूड खाऊन टाकते, त्यामुळे पुतण्या प्रथम उताणा होऊन ट्रकखाली शिरला, आणि बाहेर येऊन एवढेच म्हणाला, "काका, खाली सगळीकडे ताजा काळा रंग आहे." रंगाखाली गंज होता की नव्हता, हे हातोडी मारल्याशिवाय कळणार नव्हते, आणि हातोडी मारण्यास मालकाची हरकत होती. खिडकीवर मात्र कायद्याप्रमाणे कागद चिकटवलेला होता. १९८५ पासून तेथील प्रत्येक व्यापाऱ्याला जुन्या गाडीवर हमी आहे की ती 'आहे त्या स्थितीत' विकावयाची आहे, हे अशा कागदावर जाहीर करावे लागते. खाजगी मालकाला तेवढेही बंधन नाही. किती मैल धावली हा आकडादेखील इतक्या जुन्या गाडीच्या बाबतीत कोणाला प्रमाणित करावा लागत नाही. दस्तऐवजावर सूट असल्याची नोंद करून कायदा स्वतःच मौन पत्करतो.

मग मौन हे असत्य आहे काय? विचारले असता खोटे सांगणे निंद्य, याविषयी दुमत नाही. पण न विचारलेले न सांगणे, हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमन तत्त्वज्ञ सिसरोने कर्तव्यविषयक जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात स्टोइक पंथाच्या दोन आचार्यांचा वाद त्याने नमूद करून ठेवला आहे. ऱ्होड्झ बेटावर दुष्काळ पडला असता अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला ठाऊक आहे की मागून आणखी जहाजे येत आहेत. हे त्याने गिऱ्हाइकांना सांगावे काय? डायोजिनीझ म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. कायद्याने जेवढे सांगावयास लावले तेवढे सांगितले की व्यापाऱ्याची जबाबदारी संपली. अँटिपेटर म्हणतो, मनुष्यमात्राच्या हिताशी तू बांधलेला असताना त्याच्या गरजेची गोष्ट त्याच्यापासून राखून ठेवण्याचा तुला अधिकार काय? सिसरोने कौल अँटिपेटरच्या बाजूने दिला. डायोजिनीझचा युक्तिवाद मला तेव्हाही पोकळ वाटला नाही, आणि आजही वाटत नाही; बाजारात उभा राहिलेला मनुष्य स्वतःचे डोळे घरी ठेवून आलेला नसतो. पण ज्याने काळा रंग दिला त्याने त्या डोळ्यांवरच हात ठेवला. त्याचे ते मौन नव्हते, ते बोलणेच होते, केवळ जिभेऐवजी कुंचल्याने.

आपल्याकडील शास्त्रकारांनी हा प्रश्न ज्या खणात ठेवला आहे तो पाहून मी चकित झालो. उमास्वातीने तत्त्वार्थसूत्रात व्रतांचे अतिचार सांगताना खोटी मापे वापरणे आणि अस्सल म्हणून नकली माल खपवणे, यांची गणना सत्यव्रताच्या भंगात केलेली नाही. ती अचौर्याच्या भंगात केली आहे. म्हणजे दोष झाकून विकणारा मनुष्य खोटे बोलला की नाही, ही चौकशीच गौण ठरते. त्याने जास्तीचे जे द्रव्य घेतले ते त्याचे नव्हते, एवढे पुरे. याज्ञवल्क्यस्मृती याहून व्यवहारी आहे. खरेदी केलेली वस्तू पारखून घेण्यास किती मुदत असावी याचा तीत तपशीलच दिला आहे: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझे वाहणाऱ्या जनावराला, म्हणजे वाह्याला, पाच, रत्नाला सात, दुभत्या जनावराला तीन. त्याच यादीत दासदासींचीही मुदत आहे, आणि तेथे वाचणाऱ्याची मान खाली जाते. पुतण्याचा ट्रक लोखंड मानावा तर एक दिवस, वाह्य मानावा तर पाच, असा एक गमतीचा पेच मी त्याच्यापुढे टाकला, त्यावर तो म्हणाला, "काका, तुम्ही पाच दिवसच धरा. लोखंड कळायला एक दिवस लागतो, ओढणं कळायला घाट लागतो."

त्याच्या या उत्तरात, त्याला अभिप्रेत नसलेले असे, माझ्या प्रश्नाचे एक टोक होते. वाह्याचा दोष ओझ्याखालीच प्रकट होतो, आणि तो प्रकट होतो तेव्हा तेथे केवळ घेणाराच असतो असे नाही. सहा हजार पौंडांचा ट्रेलर उतारावर सुटला, तर त्याच्यासमोर जी मोटार असेल तिच्यातल्या कुटुंबाने कोणत्याही खरेदीखतावर सही केलेली नसते. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर १९७० साली जो प्रसिद्ध निबंध लिहिला आणि ज्या कामासाठी त्याला २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, त्यात चांगले-वाईट ओळखता न आल्यामुळे गिऱ्हाईक मधली किंमत देते आणि त्यामुळे चांगल्या मालाचे मालक बाजारातून निघून जातात, हे त्याने दाखवले आहे. तो निबंध किमतीपुरता बिनतोड आहे. घाटातल्या त्या तिसऱ्या माणसाचा विचार त्याचा विषय नव्हता. 'आहे त्या स्थितीत' हा करार दोघांत होऊ शकतो, आणि दोघांचे नुकसान दोघांनी वाटून घ्यावे, येथवर डायोजिनीझला मी मान देईन. परंतु जो धोका तिसऱ्याच्या डोक्यावर जाऊन पडावयाचा, त्याविषयी मौन पाळण्याची मुभा त्या दोघांना एकमेकांपासून मिळूच शकत नाही, कारण देण्याचा अधिकारच दोघांपैकी कोणाकडे नसतो.

शेवटी ट्रक मिळाला तो एका वृद्ध शेतकऱ्याकडे: १९९९ सालचा फोर्ड, ७.३ लिटरचे डिझेल इंजिन, पत्रा ठिकठिकाणी गंजलेला आणि तो गंज उघडा. आम्ही काही विचारण्यापूर्वीच त्याने सांगितले की रिकामा उत्तम चालतो, पण गवताचे भारे भरलेला ट्रेलर लावून लांब चढ चढताना तिसऱ्या गियरला तो क्षणभर सुटल्यासारखा होतो, आणि हे गेल्या उन्हाळ्यापासून होत आहे. मग म्हणाला, तुमचा ट्रेलर घेऊन या, जोडा, त्या पलीकडच्या टेकडीवर दोनदा जाऊन या, आणि मग किमतीचे बोलू. गियरपेटी दुरुस्त करण्याचा खर्च वजा करून सौदा झाला. नोटरीसमोर सही करताना त्याने कागदावर स्वतःच्या अक्षरात त्या दोषाची एक ओळ लिहिली. कारकुनाने त्याची गरज नसल्याचे सांगितले. तरी त्याने ती खोडली नाही.

परतताना पुतण्या आनंदात होता आणि मी गप्प होतो. माझ्या लहानपणी वडिलांनी एक खिल्लारी बैल विकला होता. दिसायला देखणा, नांगराला सरळ. पण भरल्या गाडीला चढणीवर बसकण मारण्याची त्याला खोड होती. घेणाऱ्याने दात पाहिले, खूर पाहिले, चालवून पाहिला. चढणीचे त्याने विचारले नाही आणि वडिलांनी सांगितले नाही. पुढे काही घडल्याचे आमच्या कानावर कधी आले नाही. मात्र तालुक्याला जाण्याचा सरळ रस्ता त्या माणसाच्या गावातून जात असे. आणि त्या सालापासून वडील आमची गाडी नेहमी ओढ्याकडच्या वाटेने, दीड कोस वळसा घालून, नेत.