रिमांड रिपोर्ट वाचता येतो का?

१ जुलै २०२४ रोजी देशाचा फौजदारी कायदा बदलला. भारतीय दंड संहितेच्या ५११ कलमांची जागा भारतीय न्याय संहितेच्या ३५८ कलमांनी घेतली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही नव्या नावांनी आणि नव्या क्रमाने आले. हे तिन्ही कायदे २०२४-२५ पासून शिकवावेत, असं बार कौन्सिलने विधी महाविद्यालयांना कळवलं. वर्गात मग एक तक्ता फिरू लागला. डाव्या रकान्यात ३०२, उजव्या रकान्यात १०३. डावीकडे ३७९, उजवीकडे ३०३. ४२० ची जागा ३१८ ला. हा तक्ता लागतोच, कारण १ जुलैआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या कलमांखाली अजून बरीच वर्षं चालणार आहेत. पण तक्ता पाठ झाला म्हणजे नवा कायदा शिकून झाला, ही समजूत चुकीची आहे. त्यामुळे एक मोठी संधी हातची जाते आहे.

कारण फौजदारी कायदा बहुसंख्य माणसांना भेटतो तो खुनाच्या कलमात भेटत नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला शिरूर आणि दौंड हे दोन तालुके आहेत. शिरूर पुणे-नगर रस्त्यावर, घोड नदीच्या काठी. दौंड रेल्वेचं जंक्शन, भीमेच्या काठी. एकीकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे उसाचे फड आणि साखर कारखाने. दोन्ही गावांत तालुक्याचं न्यायालय आहे. तिथे कायदा दिसतो तो कोठडीच्या अर्जात. आरोपीला अटकेपासून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. तपास अधिकारी पानभराचा रिमांड रिपोर्ट देतो. त्यातली वाक्यं वकिलांना तोंडपाठ असतात: गुन्ह्यातील मुद्देमाल हस्तगत करणे आहे, फरारी साथीदारांचा शोध घेणे आहे, आरोपीकडे सखोल तपास करणे आहे, आरोपी रेकॉर्डवरील गुन्हेगार आहे. साहेब आरोपीला विचारतात, पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का? तो मान हलवतो. कोणी पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, घेऊन पुन्हा पोलीस ठाण्यात जातो, कोणाला एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, मिळून येरवडा तुरुंगाची गाडी गाठावी लागते. सगळा मामला काही मिनिटांचा असतो. खटल्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, त्या माणसाच्या पुढच्या काही महिन्यांचा निकाल मात्र इथेच लागून जातो.

‘रेकॉर्डवरील’ या शब्दामागे या भागात एक इतिहास उभा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाने काय केलं हे न पाहता तो कोणत्या जमातीत जन्मला यावरून त्याला गुन्हेगार ठरवलं. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात राहायचं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला, म्हणून भटके-विमुक्त आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली. महाराष्ट्रात हा कायदा १९५९ चा आहे. शिरूर-दौंडच्या गायरानांवर आणि गावकुसाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या फासेपारध्यांना कागदावर अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. व्यवहारात चोरी झाली की पहिली गाडी त्यांच्याच वस्तीवर जाते.

इथे शेतकऱ्याची बाजूही नीट ऐकायला हवी. रात्रीतून विहिरीवरची मोटार जाते, नदीपासून शेतापर्यंत टाकलेली केबल कापून नेली जाते, डीपी फोडून आतली तार पळवली जाते. उन्हाळ्यात उभा ऊस वाळतो तेव्हा माणूस कायद्याचे बारकावे ऐकायच्या मनःस्थितीत नसतो. वाड्या-वस्त्यांवर, एकट्या घरांवर दरोडे पडले की सगळा शिवार रात्र जागून काढतो. ही भीती खोटी नाही. पण नेहमीचे चार जण उचलून आणले की तपास झाला, या समजुतीने शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं? चोरलेली तांब्याची तार भंगारात कोण घेतं, कोणत्या गाडीतून ती जाते, कोणाच्या भट्टीत वितळते, हे कोणी विचारत नाही. आरोपी मिळतो, मोटार मिळत नाही. आयत्या संशयाने पारध्यावर अन्याय होतो आणि शेतकऱ्याचीही फसवणूक होते.

नव्या कायद्यांत शिकवण्यासारखं जे आहे ते नेमकं इथे आहे. न्याय संहितेच्या कलम ११२ ने ‘किरकोळ संघटित गुन्हा’ ही नवी वर्गवारी आणली. टोळीचा सदस्य म्हणून चोरी, हिसकाहिसकी, फसवणूक किंवा ‘तत्सम अन्य’ कृत्य केलं, तर शिक्षा एक ते सात वर्षं. टोळी कशाला म्हणायचं? एका पालात राहणारे तीन भाऊ ही टोळी होते का? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने याआधी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला मोठा दिलासा दिला. कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात गेला की त्याला बंधपत्रावर सोडावं. पण त्याच कलमाचं दुसरं पोटकलम सांगतं की एकाहून अधिक गुन्ह्यांचा तपास किंवा खटला प्रलंबित असेल, तर हा दिलासा नाही. आता ज्याच्यावर दर चोरीनंतर एक गुन्हा दाखल होतो, दोषी कधी ठरत नाही आणि प्रकरणही बंद होत नाही, तो कायद्याच्या भाषेत निष्कलंक असूनही बाहेर येत नाही. चॅप्टर केसची, म्हणजे प्रतिबंधक कारवाईची, जुनी १०७ ते ११० ही कलमं १२६ ते १२९ होऊन तशीच राहिली आहेत. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार लागतो, त्याच्या नावाचा सातबारा लागतो. गुंठाभर जमीन नसलेल्याने तो कोणाकडे मागायचा? ११२, ४७९ आणि १२९ ही कलमं शेजारी ठेवून वाचली, की एका वस्तीवर कायदा कसा बसतो याचं चित्र दिसतं. रकान्यांच्या तक्त्यात ते दिसत नाही.

आपलं कायद्याचं शिक्षण चालतं ते वरच्या न्यायालयांच्या निकालांवर. निकालपत्रात वस्तुस्थिती आधीच ठरलेली असते. विद्यार्थी तिच्यावर तत्त्व लावायला शिकतो. ती वस्तुस्थिती घडवली कोणी, हा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही. याची किंमत किती मोठी असू शकते, ते राज्यातल्याच एका प्रकरणात दिसलं. २००३ मध्ये शेतातल्या वस्तीवर दरोडा पडला, खून आणि बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या फोटो अल्बममधून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं. त्यांच्यामागे तपास गेलाच नाही. २००९ ते २०१९ या काळात तो पहिला निकाल वाचणाऱ्या विद्यार्थ्याने फाशीची तत्त्वं अभ्यासली असतील. सत्य मात्र तपासाच्या कागदांत पडून होतं, आणि ते कागद वाचायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव इथे उपयोगी पडतो, कारण तिथेही वसाहतीच्या राज्याने मूळच्या लोकांवर संशयाचा शिक्का मारला. आदिवासींच्या कोठडीतल्या ९९ मृत्यूंची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या. वकिलीसाठी तिथे अकरा विषय सक्तीचे आहेत, त्यांत फौजदारी कायदा आणि प्रक्रिया एकत्र शिकवतात. २०१३ च्या बगमी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बालपणातल्या घोर वंचनेचा परिणाम वय वाढल्याने ओसरत नाही, शिक्षा ठरवताना त्याचा विचार व्हावा. न्यू साउथ वेल्समधल्या वकिलांनी मग वंचनेवरचं संशोधन न्यायालयात वापरता येईल अशा रूपात एकत्र केलं. त्याला ‘बगमी बार बुक’ म्हणतात. एवढं करूनही तिथल्या तुरुंगांतला जवळपास दर तिसरा कैदी आदिवासी आहे, लोकसंख्येत ते चार टक्केही नाहीत. सार्वजनिक ठिकाणी नशेत असणं हा गुन्हा रद्द करा, असं आयोगाने १९९१ मध्येच सांगितलं होतं. व्हिक्टोरिया राज्याने तो रद्द केला २०२३ मध्ये, तोही रेल्वेत झोपलेल्या एका आदिवासी महिलेला या गुन्ह्यासाठी उचलल्यानंतर कोठडीत झालेल्या दुखापतीने तिचा जीव गेल्यावर काही वर्षांनी. शिक्षेच्या टप्प्यावर जागी झालेली करुणा उशिरा पोचते. घात किरकोळ कलमांत आणि पहिल्या काही तासांत होतो.

आपल्याकडे वरून येणारे आदेश कमी नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातीच्या नोंदी घटनाबाह्य ठरवल्या आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होणार नाही याची काळजी घ्यायला पोलिसांना बजावलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यावीत, तीही आरोपीला कळेल अशा भाषेत. पारध्यांची घरची बोली गुजरातीच्या जवळची आहे. हा आदेश तालुक्याच्या न्यायालयात अमलात आणायचा कोणी? तिथे उभ्या राहणाऱ्या वकिलाने. हा मुद्दा त्याने रिमांडच्या वेळी मांडला नाही, तर तो आदेश निकालपत्रातच राहतो.

म्हणून मागणी साधी आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे प्रत्यक्ष काम बार कौन्सिलने सक्तीचं केलं आहे. पुण्यातल्या विद्यार्थ्याला ते मुंबई-दिल्लीच्या मोठ्या चेंबरमध्ये करायचं असतं. त्यातले दोन आठवडे शिरूर, दौंडसारख्या न्यायालयात रिमांडच्या वेळी बसून काढावेत. तालुका विधी सेवा समितीच्या वकिलाबरोबर कोठडीतल्या माणसाशी बोलावं, जामिनाचा अर्ज लिहून पाहावा, जामीनदार का मिळत नाही ते वस्तीवर जाऊन पाहावं.

आक्षेप येईल की विद्यार्थी तिथे लुडबुड करतील, आणि तालुक्याच्या बारला आधीच कामाचा बोजा आहे. पहिला आक्षेप शिस्तीने सुटतो, दुसरा पैशाने. बार कौन्सिलने २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन सुचवलं, पण ते सक्तीचं नाही. शिरूर-दौंडहून रोज गाडीने पुण्याला येऊन कायदा शिकणारी पोरं पदवीनंतर तालुक्यात टिकायची असतील, तर हे पैसे कुठून येतील याची तजवीज विधी सेवा प्राधिकरणाने आणि सरकारने करावी लागेल. वस्तीची बोली जाणणारा वकील बाहेरून आणता येत नाही.

अभ्यासक्रम बदलायला समित्या बसतात, वर्षं जातात. प्रश्नपत्रिका मात्र एका सत्रात बदलता येते. पुढच्या परीक्षेत ‘कलम ३०३ स्पष्ट करा’ याऐवजी नावं काढून टाकलेला एक खरा रिमांड रिपोर्ट छापावा आणि खाली विचारावं: पोलीस कोठडी का द्यावी, किंवा का देऊ नये? ‘रेकॉर्डवरील’ या शब्दाला पुरावा कोणता? हरकत घ्यायची तर कोणत्या कलमाखाली? ज्या विद्यार्थ्याला याचं दीड पानाचं उत्तर लिहिता येईल, त्याला फौजदारी कायदा आला असं समजावं. इतरांना तक्ता पाठ आहे, एवढंच म्हणता येईल.